उलटी खोली

“कुमुद, हा आलेख आहे का लाटलेली पोळी?”

कारखानीस सरांनी कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. दसरा नुकताच झाला होता. कुणीतरी दिलेली आपट्याची पानं अजून त्यांच्या टेबलावर पडली होती. त्यातली दोन पानं कागदाबरोबर माझ्या अंगावर आली.

मी खाली मान घालून बघत राहिले. कागदावर दोन रेघा होत्या. वरची रेघ छान चढून उतरत होती, शाळेतल्या चित्रातल्या डोंगरासारखी. खालची मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट पडली होती.

“वरची साध्या खोलीची,” मी म्हटलं.

“ते मला दिसतंय. खालच्या मढ्याचं बोल.”

कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या मागच्या अंगाला आमची उंदरांची खोली होती, त्या काळातली ही गोष्ट. मी तिथं संशोधन करत होते. काम ऐकायला विचित्र, करायला किचकट. पांढऱ्या उंदराच्या कानाच्या कडेचा तिळाएवढा तुकडा चिमट्यानं टिपायचा, रंगात बुडवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यातल्या किती पेशी त्या घडीला दुभंगून एकीच्या दोन होतायत ते मोजायचं. कातडी रोज झिजते, रोज नवी होते, ती अशी. पण दिवसभर सारख्याच वेगानं होत नाही. उंदीर झोपला की त्याच्या कानातल्या पेशी कामाला लागतात, तो हुंदडायला लागला की त्या थंडावतात. माणसाचंही थोडंफार असंच. शरीरात कुठंतरी एक घड्याळ असतं आणि पेशींनी कधी दुभंगायचं हे ते सांगतं. कानाचे तुकडे दिवसरात्र ठरावीक अंतरानं घेऊन आकडे मांडले, की कागदावर डोंगर उठतो.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा होता. उंदरांचा दिवस उलटा केला तर डोंगरही उलटेल का? म्हणून दोन खोल्या केल्या. एक साधी. दुसरीत दिवसा काळोख आणि रात्री ट्यूबलाईट. तिला सगळं कॉलेज ‘उलटी खोली’ म्हणायचं. साध्या खोलीत डोंगर दिवसा उठत होता, तो या खोलीत रात्री उठायला हवा होता. तो कुठंच उठला नव्हता.

“सोमवारी उपाध्येबाई येणार,” सर म्हणाले. “त्यांनी हा कागद बघितला की तुझी शिष्यवृत्ती संपली. मी काही करू शकणार नाही. तू तुकडे तरी वेळेवर घेतलेस का, का डुलक्या काढल्यास?”

“सर!”

“मग काय उंदरांनी संप केला?”

डॉ. मालती उपाध्ये पुण्याहून यायच्या होत्या. शिष्यवृत्ती पुढं चालू ठेवायची का नाही, ते त्यांच्या हातात होतं. आणि माझ्या घरी जयसिंगपूरला माझे वडील, नाना, टपूनच बसले होते. दसऱ्याला येऊन सांगून गेले होते, “कन्याशाळेत जागा धरून ठेवलीय. दिवाळीपर्यंत तुझ्या उंदरांचं काय ते बघ, नाहीतर सुट्टी संपली की रुजू हो. कान टोचायला आपल्याकडं सोनार आहे, त्याला काही एवढी वर्षं शिकावं लागत नाही.” शाळा वाईट नव्हती. पण तिथं सूक्ष्मदर्शक कपाटात कुलपात असायचा आणि मला त्याच्याशिवाय करमत नव्हतं. अगदी खरं सांगायचं तर माझा त्याच्यावर जीव जडला होता.

बाहेर आले तर व्हरांड्यात बायाक्का भुश्याचं पोतं उसवत बसली होती.

बायाक्का आमच्या उंदरांची राखणदार. नवऱ्याच्या जागेवर लागलेली नव्हे, नवरा घरी ठणठणीत होता. ही स्वतःच्या हिमतीवर लागली होती. उंची बेताची, आवाज आभाळाएवढा. ‘उंदीर पळत्याल’ म्हणून कुणाला दार उघडं ठेवू द्यायची नाही. मी कान टिपायला लागल्यापासून तिनं माझं नावच ‘सोनारीण’ ठेवलं होतं. नवरात्रात ती नऊ दिवस अनवाणी असायची आणि उपासाला फक्त दूध नि केळं.

“त्वांड का पडलंय गं सोनारणीचं?”

“डोंगर उठला नाही, अक्का.”

तिचे हात थांबले. तिला तो डोंगर माहीत होता. साध्या खोलीचा पहिला आलेख मी तिला दाखवला होता तेव्हा तिनं कागदाला हात जोडले होते. म्हणाली होती, “आगं, ह्यो तर आमचा जोतिबाचा डोंगूर.”

“आसं कसं?” ती आता म्हणाली. “उठायलाच पायजे.”

“अक्का, खरं सांगा. नवरात्रात तुम्ही एकट्याच आत जात होता. दिवे वेळेवर मालवत-लावत होता ना?”

हे विचारायला कारण होतं. दिवे आपोआप चालू-बंद करणारं घड्याळ जळलं होतं आणि नवं येईपर्यंत सकाळी दिवा मालवणं, संध्याकाळी लावणं अक्काकडं होतं. उंदीर उलट्या दिवसाला रुळावेत म्हणून आम्ही कुणी आत जायचं नाही, असं सरांनी ठरवलं होतं. दोन दारं, मध्ये काळा पडदा. आत काय चाललंय ते बाहेर दिसायचं नाही. खाणं-पाणी द्यायला फक्त अक्का जायची. तुकडे घ्यायला मी आत शिरले ते नवरात्र संपल्यावरच.

ती उठून उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, “माज्या हातनं काय बी वंगाळ झाल्यालं न्हाई. आंबाबाईची आण.”

खोटी आण घेणाऱ्यातली ती नव्हती. मी विषय सोडला.

दुपारी मी उलट्या खोलीत गेले. काळोखात काम करायला आम्ही लाल बल्ब वापरायचो, कारण तांबडा उजेड उंदरांना जवळजवळ दिसतच नाही. त्या तांबड्या उजेडात सगळं एकाच रंगाचं वाटतं. मी पिंजऱ्यासमोर स्टूल ओढून बसले. दुपार म्हणजे या खोलीतली रात्र. सगळ्या उंदरांनी धुमाकूळ घालायला हवा होता.

एक चाकावर पळत होता. शेजारचा भुश्यात मुटकुळं करून गाढ झोपला होता. त्याच्या पलीकडचा जांभई दिल्यासारखं तोंड उघडून नुकता उठत होता. पुढचे दोघे झोपलेले, तिसरा खात बसलेला. धर्मशाळेत पहाटे कसं असतं, कोण उठलंय, कोण घोरतंय, कोण गाडीला निघालंय, तसा सगळा कारभार चालला होता.

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. घड्याळ बंद पडलं नव्हतं. प्रत्येकाचं घड्याळ चालू होतं, पण ज्याचं त्याचं वेगळं. एकाच्या पेशी आत्ता दुभंगत होत्या, दुसऱ्याच्या तिन्हीसांजेला दुभंगणार होत्या. सगळ्यांचे आकडे एकत्र केले की पोळीच लाटली जाणार. आणि सगळ्या उंदरांची घड्याळं अशी एकमेकांपासून सुटतात ती एकाच कारणानं. दिवस-रात्र हा फरकच त्यांना कळेनासा झाला तर.

मी उठले आणि जे कधीही करायचं नसतं ते केलं. ट्यूबलाईटचं बटण दाबलं.

पांढरा लख्ख उजेड पडला आणि बटणाच्या वरती, चुन्याच्या भिंतीवर, कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक दिसलं. खाली हळदीची दोन बोटं. तुकडे घ्यायला दिवसा मी त्याच भिंतीसमोर तांबड्या उजेडात बसले होते आणि तांबड्यात तांबडं मला दिसलं नव्हतं; रात्री दिवा लागलेला असताना अक्का पिंजरे बाहेरच आणून द्यायची.

मागं पडदा हलला. बायाक्का उभी होती.

“हे काय आहे, अक्का?”

तिनं आधी पडदा नीट ओढून घेतला.

“अक्का, मी काय विचारतेय!”

“नवस हाय,” ती हळू बोलली. “फळाला येईस्तवर बोलून दाखवायचा नसतोय. म्हणून सकाळी गप ऱ्हायले.”

“कसला नवस?”

“घट बसला त्या दिवशी बोलले. नऊ दिवस अखंड दिवा ठेवते म्हणलं. आता हितं सगळा भुस्सा, त्येलाचा दिवा कसा लावायचा? आग लागली तर जीव जात्याल बिचारे. म्हणून ह्या नळीलाच नंदादीप मानला. हळद-कुंकू लावलं आन् नऊ दिवस विझू दिली न्हाई. दोनदा लाईट गेली तर कंदील घिऊन बसले हुते, ज्योत तुटाय नगं म्हणून.”

“नऊ दिवस, रात्रंदिवस?”

“मग? नंदादीप मधीच मालवत्यात व्हय?”

“कुणासाठी केलंत हे?”

“कुणासाठी म्हंजे? तुज्यासाठी की! तुजा डोंगूर उठावा म्हणून.”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. आणि मी काय केलं? ओरडले. फार ओरडले. माझं वर्ष मातीत घातलंत म्हणाले, तुम्हाला कुणी सांगितलं होतं म्हणाले. सरांनी घातलेला आहेर मी सगळाच्या सगळा तिच्या पदरात टाकला. ती ऐकत राहिली. मग तिचे डोळे भरले, पण आवाज तसाच खणखणीत.

“चुकलं आसंल तर सरास्नी मी सांगते जाऊन.”

“नको. आणि ते कुंकू आधी पुसून टाका.”

तशी ती एकदम ताठ झाली. “मराय सांग, मरते. कुक्कू पुसायचं माज्या हातनं व्हायचं न्हाई. आन् तू बी हात लावायचा न्हाई.”

सरांना मीच सांगितलं. त्यांनी आधी कपाळावर हात मारून घेतला, मग अक्काला उद्यापासून झाडलोटीला पाठवतो म्हणाले, मग तो सपाट आलेख घेऊन खिडकीशी गेले. शेवटी वळले तेव्हा चेहरा बदललेला होता.

“कुमुद, एक काम कर. बाईंना सांग, हे आपण ठरवून केलं. साधी खोली एक, अखंड उजेडाची खोली दुसरी. अखंड उजेडात डोंगर मोडतो. निष्कर्ष चांगला आहे, खरा आहे. छापूनही येईल.”

“पण ठरवून केलं नव्हतं.”

“आकडे खरे आहेत ना? मग झालं. तुझी शिष्यवृत्ती राहते, माझी लाज राहते आणि तुझ्या त्या अक्काची इथली जागाही राहते. ठरवून केलं म्हटल्यावर तिची चूक कुठं उरली?”

तिन्ही गोष्टी मला हव्या होत्या, तिसरी सगळ्यात जास्त, कारण तिच्यावर ओरडल्याचं मनात सलत होतं. मी हो म्हटलं. त्या दोन दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही. अक्का येता-जाता विचारायची, “काय ठरलं गं?” आणि मी म्हणायची, “ठरतंय.”

उपाध्येबाई ठरल्या दिवशी आल्या. नऊवारीतल्या, कानात मोत्यांच्या कुड्या, हातात कापडी पिशवी. बघणाऱ्याला वाटावं भाजी घेऊन निघाल्यात. आलेखाकडं त्यांनी चष्मा वर करून फार वेळ पाहिलं.

“ही सपाट रेघ मला आवडली,” त्या म्हणाल्या. “कशी आणलीत?”

“अखंड उजेड,” सर लगेच म्हणाले. “पद्धतशीर. ठरवूनच.”

“चला, खोली दाखवा.”

सरांनी त्यांना तांबडा बल्ब लावूनच आत नेलं. तो का लावलाय ते मला ठाऊक होतं. पिंजऱ्यांपाशी अक्का हात बांधून उभी होती. बाईंनी एकेक उंदीर निरखला, माझ्याकडून मोजायची रीत विचारून घेतली, घरची चौकशी करताना शाळेतल्या जागेचंही ऐकून घेतलं, मान डोलावली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग निघता निघता त्या थांबल्या.

“उजेड किती दिवस अखंड होता?”

“नऊ दिवस,” सर म्हणाले.

“नऊच का? आठवडा नाही, दहा नाही. नऊ कसे काढलेत?”

“नाही म्हणजे... सोयीचं पडलं.”

“कुणाच्या सोयीचं?”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी अक्काकडं पाहिलं. तिला बोलण्याचा सगळा रोख कळला असेल-नसेल, पण आपला नंदादीप कुणीतरी स्वतःच्या नावावर चढवतंय एवढं तिच्या ध्यानात आलं असावं. ती भिंतीच्या त्या जागेकडं बघत राहिली, जिथं आम्हाला कुणालाच काही दिसत नव्हतं.

मी पुढं झाले आणि बटण दाबलं.

पांढरा उजेड पडला. उपाध्येबाईंनी डोळे किलकिले केले आणि मग त्यांना ते स्वस्तिक दिसलं.

“म्हणून नऊ, बाई,” मी म्हटलं. “नवरात्र होतं. आम्ही काही ठरवलं नव्हतं. मला तर उलटी रात्र हवी होती. माझा प्रयोग नीट व्हावा म्हणून अक्कांनी या ट्यूबचा नंदादीप केला. दोष द्यायचा तर मला द्या, अंधार का हवा ते मी त्यांना कधी समजावूनच सांगितलं नाही. नुसतं ‘बटण दाबा’ सांगितलं.”

सर भिंतीसारखे पांढरे पडले. बाई पुढं गेल्या, कुंकवाकडं जवळून पाहिलं, आणि अक्काकडं वळल्या.

“एकदाही विझला नाही?”

“न्हाई, बाई. लाईट गेली तवा कंदील हुता.”

“झोपलात कधी?”

“ह्येंच्यासारखीच,” अक्कानं पिंजऱ्याकडं बोट केलं. “कवा बी.”

बाई हसल्या. मोठ्यानं, कुड्या हलेपर्यंत हसल्या. मग सरांना म्हणाल्या, “कारखानीस, सोनारानंच कान टोचावेत म्हणतात, म्हणून तुमचे आज मी टोचते. ठरवून केलं असं पुन्हा सांगू नका. पोरीनं सांगितलं ते जास्त मोलाचं आहे.” आणि माझ्याकडं वळून विचारलं, “उजेडानं डोंगर मोडला. मग तो डोंगर उजेडाचा होता का उंदराचा?”

मी गोंधळले. “उंदराचा... असावा.”

“असावा नको. दाखव. थोडे दिवस यांना तुझी उलटी रात्र नीट दे, सगळ्यांची घड्याळं जुळू देत. मग दिवा लावूच नको. अखंड काळोख. त्या काळोखात कान घे. सांगायला ना सूर्य, ना ट्यूब. तरी डोंगर उठला, तर तो पेशींनी आतूनच धरलाय. नाही उठला, तर शाळेतली जागा आहेच म्हणतेस ना? दिवाळी झाली की कळव.”

“काळोखाची जबाबदारी दुसऱ्या माणसाकडं देतो,” सर म्हणाले.

“मुळीच नाही. जिनं नऊ दिवस दिवा विझू दिला नाही, ती अंधारही विझू देणार नाही.”

त्या संध्याकाळी मी अक्काशेजारी भुश्याच्या पोत्यावर बसले आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. पेशी म्हणजे काय, ती दुभंगते कशी, उजेड तिच्या घड्याळाला कशी चावी देतो. तिनं सगळं ऐकून घेतलं नि एवढंच विचारलं, “म्हंजे दिवाळीत ह्येंच्याकडं दिवा न्हाई?”

“नाही.”

“आवसंला बी? लक्ष्मीपूजनाला?”

“नाही, अक्का.”

दिवाळीत घर काळोखात ठेवणं म्हणजे तिच्या लेखी केवढा अपशकुन होता, ते मला कळत होतं. ती उठली, लुगडं झटकलं. “ठीक हाय. उजेडाचा केला, आता अंधाराचा नवस.”

वसुबारसेला आम्ही दिवा काढला. पुढं सगळं कोल्हापूर पणत्यांनी, फटाक्यांनी उजळून निघालं आणि बायाक्का दोन दारांच्या मधल्या त्या काळ्या पडद्याच्या बोळात बसून राहिली. घरून तिच्यासाठी फराळाचा डबा यायचा. कान घ्यायची वेळ झाली की मी बाहेरचं दार वाजवायची, ती आधी ते लावून घ्यायची आणि मगच पडदा सरकवायची. पाडव्याला सर मिठाईचा पुडा घेऊन आले, दार ढकलायला लागले तर आतून आवाज आला, “कोण हाय?”

“मी, कारखानीस. दिवाळीचं तोंड गोड—”

“हितं दिवाळी न्हाई, सर. पुडा उंबऱ्यात ठेवा आन् जावा.”

सर पुडा ठेवून गेले. मी व्हरांड्यात उभी होते, हसू आवरेना.

भाऊबीजेला दादा मला न्यायला आला, तेव्हा मी आकडे मांडत होते. शेवटचा ठिपका दिला आणि सगळे जोडले. घाईत रेघ जरा वाकडी आली. पण ती चढली होती आणि उतरली होती. थोडी सरकलेली, थोडी बुटकी, पण डोंगरच. ना सूर्य होता, ना ट्यूब होती, आणि त्या इवल्या कानांतल्या पेशी आपापली वेळ धरून दुभंगत होत्या.

मी कागद घेऊन धावत बोळात गेले. तिथं दिसणार काय, डोंबल! मग अक्काचं बोट धरून रेघेवरून फिरवलं. पेन्सिल दाबून काढली होती, कागदावर उमटली होती.

“चढलं,” ती म्हणाली. बोट पुढं गेलं. “उतरलं.” मग एकदम माझं मनगट घट्ट धरलं. “आगं सोनारणी, अंधारात बी जोतिबा हाय तितंच हाय की!”

आणि मग आम्ही दोघी त्या काळोखात रडलो. नाना अजून म्हणतात, मी त्या वर्षी भाऊबीजेला उंदराचा वास घेऊन घरी आले. आले, ओवाळलं आणि शाळेतली जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका म्हणून सांगितलं.

शिष्यवृत्ती टिकली, दिव्यांचं नवं घड्याळ आलं, काम पुढं चालू राहिलं. स्वस्तिक पुसायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या दिवशी सकाळीच मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते, तेव्हा बायाक्का दारात येऊन उभी राहिली. पायांत चपला नव्हत्या.

“सोनारणी,” ती म्हणाली, “औंदा आदी इचारून घेते. आंबाबाईला काय बोलू? उजेड का अंधार?”